दिवास्वप्न (गिजुभाई बधेका)

दिवास्वप्न हे गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका (१५ नोव्हेंबर १८८५ – २३ जून १९३९) यांचे प्राथमिक शिक्षणाविषयीचे कथारूप पुस्तक आहे. ते मूळ गुजराती भाषेत १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. एक शिक्षक सरकारी प्राथमिक शाळेतील इयत्ता चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो आणि पाठांतर, छडी व परीक्षेची भीती यांऐवजी मुलांच्या आवडीनिवडींच्या आधाराने शिकवण्याचा प्रयोग करतो. त्या वर्षाचा वृत्तान्त तो स्वतःच सांगतो, असे पुस्तकाचे स्वरूप आहे. बालककेंद्री अध्यापनाविषयी भारतीय भाषांत झालेल्या लेखनात या पुस्तकाचे स्थान अग्रभागी असून शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात ते आजही वाचले जाते.

पुस्तकातील शिक्षक व शाळा काल्पनिक आहेत. तथापि त्यातील बहुतेक युक्त्या, खेळ व निरीक्षणे यांमागे भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत लेखकाने मुलांसोबत घालवलेली वर्षे आहेत. शीर्षकाचा खुलासा लेखकाने प्रस्तावनेत केला आहे. ज्या दिवास्वप्नाच्या मुळाशी जिवंत अनुभव असतो ते वाया जात नाही, असा त्याचा आशय आहे. ‘दिवास्वप्न’ हा शब्द गुजराती व मराठीत समान आहे आणि दोन्ही भाषांत त्याला ‘प्रत्यक्षात न येणारी कल्पना’ अशी काहीशी उपहासाची छटा आहे. लेखकाने हा उपहास जणू आधीच अंगावर घेतला आहे.

पार्श्वभूमी

गिरिजाशंकर भगवानजी बधेका ऊर्फ गिजुभाई यांचा जन्म सौराष्ट्रातील चित्तळ येथे झाला. त्यांचे शिक्षणक्षेत्रातील आगमन उशिराचे व काहीसे आडवळणाने झालेले आहे. काही काळ पूर्व आफ्रिकेत नोकरी केल्यानंतर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. १९१३ मध्ये मुलाचा जन्म झाल्यावर त्याला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आसपासच्या शाळा त्यांना मुलाच्या दृष्टीने योग्य वाटेनात. या शोधात मोतीभाई अमीन यांच्यामार्फत इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला.

नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती हे विद्यार्थीगृह सुरू केले होते. गिजुभाई १९१६ मध्ये वकिली सोडून या संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये संस्थेचे बालमंदिर सुरू झाले आणि अडीच ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठीचे हे केंद्र त्यांच्या कामाचा मुख्य आधार बनले. मुले व पालक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. हे नाव गुजरातेत त्यांच्या मूळ नावाइतकेच रूढ आहे.

दिवास्वप्नातील वर्ग मात्र बालमंदिरातील नाही, आणि ही निवड महत्त्वाची आहे. बालमंदिर ही स्वतंत्र संस्था होती. तिथली साधने, जागा, मुलांची संख्या व दिनक्रम हे सर्व संस्थेच्या हाती होते. चौथीचा सरकारी वर्ग याच्या अगदी उलट होता. तेथे ठरलेली क्रमिक पुस्तके, ठरलेले वेळापत्रक, शेजारच्या वर्गाला लागून असलेली भिंत, मुख्याध्यापक, वरिष्ठ अधिकारी आणि वर्षअखेरची परीक्षा या सर्व गोष्टी होत्या. नव्या शिक्षणाचे टीकाकार ‘हे तुमच्या संस्थेत चालेल, साध्या शाळेत नाही’ असे म्हणत असत. या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर प्रयोग साध्या शाळेतच होणे भाग होते, मग तो कागदावर का असेना.

त्या काळच्या प्राथमिक शाळांवर एकोणिसाव्या शतकातील व्यवस्थेची छाप होती. मुंबई इलाख्यात शाळांचे अनुदान काही काळ मुलांच्या परीक्षेतील निकालाशी जोडलेले होते. ही पद्धत पुढे मागे पडली, तरी अधिकाऱ्याच्या भेटीच्या दिवशी मुलांनी घडाघडा म्हणून दाखवणे हीच शिकवण्याची कसोटी, ही समजूत टिकून राहिली. शिक्षणतज्ज्ञ कृष्ण कुमार यांनी ज्या ‘पाठ्यपुस्तक संस्कृती’चे विश्लेषण केले आहे ती हीच. तीत काय शिकवायचे हे पुस्तक ठरवते, ते आले की नाही हे परीक्षा ठरवते आणि या दोहोंच्या मध्ये असलेल्या शिक्षकाला स्वतः ठरवण्यासारखे फारसे काही उरत नाही. दिवास्वप्नातील शिक्षक पुस्तकाच्या आरंभी जे मागतो ते नेमके हेच, म्हणजे स्वतः ठरवण्याची मोकळीक.

आशय

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या दोन भागांत प्रयोगाचा आरंभ व त्याची प्रगती येते, तिसऱ्यात सहामाहीचा आढावा आणि चौथ्यात वर्षअखेरचा समारंभ.

निवेदक प्रथम शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो. त्याने शिक्षणावर पुष्कळ वाचन केलेले आहे आणि आता त्याला ते प्रत्यक्षात करून पाहायचे आहे. अधिकाऱ्याला हे हसण्यावारी नेण्यासारखे वाटते, पण तो नकार देत नाही. चौथीचा वर्ग देताना तो एक अट मात्र स्पष्ट करतो. वर्षभर काय वाटेल ते करावे, पण शेवटी परीक्षा द्यावी लागेल. ही अट पुस्तकाच्या अखेरपर्यंत शिक्षकाच्या डोक्यावर टांगलेली राहते.

पहिला दिवस फसतो. मुलांना शांततेचा अनुभव द्यावा, म्हणून शिक्षक खिडक्या लावून वर्गात अंधार करतो आणि मुलांना स्तब्ध बसायला सांगतो. मुले तोंडाने आवाज काढू लागतात, एकमेकांना चिथावतात आणि थोड्याच वेळात वर्गात गोंधळ माजतो. शिक्षक त्यांना सुट्टी देऊन टाकतो. परवानगीवाचून सुट्टी दिल्याबद्दल मुख्याध्यापकांची नाराजी त्याला ऐकावी लागते.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला सुरुवात करतो आणि वर्ग बदलतो. काल ज्यांना एक मिनिट गप्प बसवेना ती मुले आज हलत नाहीत. गोष्ट लांबत जाते आणि पुढच्या दिवशीही चालते. हजेरी घ्यायची असेल तर ती गोष्टीच्या आधी घेतली जाते, कारण गोष्टीसाठी मुले आपणहून जागेवर येऊन बसतात. या गोष्टीतून हळूहळू बाकीचे सारे निघते. गोष्टींची गोडी लागलेल्या मुलांना गोष्टींची पुस्तके हवीशी वाटतात. तेव्हा क्रमिक पुस्तकांवर होणारा खर्च वर्गाच्या छोट्या ग्रंथालयाकडे वळवावा, असे शिक्षकाला वाटते. पालकांना ही कल्पना सहजासहजी पटत नाही. पुस्तक म्हणजे शाळेचे पुस्तक, गोष्टीचे पुस्तक हे काही पुस्तक नव्हे, अशी त्यांची धारणा असते. तरीही वर्गाचे ग्रंथालय उभे राहते.

खेळांविषयीही असाच संघर्ष होतो. शिक्षक मुलांना मैदानावर नेतो. तिथे मुले भांडतात, तक्रारी करतात, आणि शाळेच्या वेळात खेळ कसले, असे सहकारी शिक्षक विचारतात. निवेदकाच्या मते खेळ हेच खरे शिक्षण आहे, पण म्हणून मैदानावरची भांडणे तो लपवत नाही. एकत्र खेळण्याची सवय नसलेल्या मुलांना मोकळे सोडले की पहिल्यांदा जे दिसते ते भांडणच असते, हे पुस्तकातील बारीक निरीक्षण आहे.

मुलांची स्वच्छता हा विषय पुस्तकात अनपेक्षितपणे बराच येतो. मळक्या टोप्या, वाढलेली नखे, न विंचरलेले केस यांवर शिक्षक वर्गातच काम सुरू करतो आणि पालकांपर्यंतही जातो. पालकांचा प्रतिसाद थंड असतो. या भागाला आजच्या वाचकाच्या दृष्टीने थोडा उपदेशाचा वास येतो. मात्र ज्या शाळेत मुलाच्या शरीराची दखल फक्त छडी मारण्यापुरती घेतली जात होती, तिथे त्याच्या नखांकडे लक्ष देणे हाही दृष्टिकोनातील बदलच होता.

व्याकरण, श्रुतलेखन, कविता, इतिहास या नेहमीच्या विषयांची मांडणीही बदलते. व्याकरणाच्या व्याख्या घोकण्याऐवजी शब्दांचे प्रकार खेळांतून ओळखले जातात. इतिहास कथेच्या रूपाने सांगितला जातो. कविता अर्थ सांगून व पाठ करवून घेऊन नव्हे, तर गाऊन व ऐकून मुलांपर्यंत पोहोचते. मुले नाटक बसवतात, पण त्यातील भाषणे घोकत नाहीत. त्यांना गोष्ट ठाऊक असते आणि पात्र काय बोलेल हे ती त्या त्या वेळी आपणच ठरवतात. पाहुण्यांपुढे पाठ केलेले संवाद म्हणून दाखवण्याची रीत असलेल्या शाळेत हा प्रकार अनेकांना अर्धवट तयारीचा वाटावा, हे स्वाभाविक होते.

सहामाहीच्या व वर्षअखेरच्या कसोटीत वर्गाची प्रगती अधिकाऱ्याच्या नजरेस येते. शेवटच्या समारंभात, आरंभी ज्याने या प्रयोगाला हसण्यावारी नेले होते तोच अधिकारी त्याची जाहीर प्रशंसा करतो.

पहिल्या दिवसाचे महत्त्व

पुस्तकावर बोलताना बहुतेक जण गोष्टीच्या यशाबद्दल बोलतात. तथापि शिक्षकी पेशाच्या दृष्टीने पहिल्या दिवसाचे अपयश अधिक बोलके आहे. शांततेचा खेळ हा माँटेसोरी पद्धतीतील प्रसिद्ध पाठ आहे. त्यात मुले निश्चल बसतात आणि शिक्षिका दुरून, अगदी हळू आवाजात एकेकाचे नाव घेते. परंतु माँटेसोरींच्या शाळेत हा पाठ अशा मुलांबरोबर होत असे ज्यांनी आधी दीर्घकाळ वेचणे, ओतणे, रचणे अशी कामे करून स्वतःच्या हालचालींवर ताबा मिळवलेला असे. तिथे शांतता ही त्या कामाच्या अखेरीस येणारी गोष्ट होती. दिवास्वप्नातील शिक्षक तीच गोष्ट आरंभी मागतो, तीही वर्षानुवर्षे धाकाने गप्प बसवलेल्या मुलांकडून. धाक गेल्याबरोबर जे बाहेर पडते ते त्याला पाहावे लागते.

गिजुभाईंनी हे अपयश स्वतःच्याच गुरूच्या पद्धतीच्या नावे मांडले, ही लक्षणीय बाब आहे. पुस्तकात वाचलेली बालककेंद्री पद्धत समोरच्या मुलांना न ओळखता वापरली, तर ती बालककेंद्री राहत नाही. ती नुसती नवी शिस्त होते. दुसऱ्या दिवशीची गोष्ट यशस्वी होते, कारण ती मुलांच्या घरातून आलेली आहे. आजी-आजोबांकडून राजाराण्यांच्या कथा ऐकलेल्या मुलांना ती ओळखीची वाटते आणि शाळेने प्रथमच त्यांच्या ओळखीचे काहीतरी वर्गात आणलेले असते.

माँटेसोरी पद्धतीशी नाते

गिजुभाईंना अनेकदा माँटेसोरींचे भारतीय अनुयायी म्हटले जाते. हे वर्णन अपुरे आहे. लहान मुलांना परीकथा व अद्भुत कथा सांगण्याबाबत माँटेसोरी साशंक होत्या. मुलाने प्रथम वास्तव जगाशी हाताने व इंद्रियांनी नाते जोडावे, अशी त्यांची भूमिका होती. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला शिक्षणाच्या केंद्रस्थानी नेले. ‘वार्तानुं शास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ कथाकथनावरील गुजराती भाषेतील मौलिक विवेचन मानला जातो. कोणत्या वयाला कोणती कथा द्यावी, ती कशी सांगावी, याचा त्यात सविस्तर विचार आहे. लोककथांवरून त्यांनी लिहिलेल्या बालकथांपैकी ‘आनंदी कागडो’ व सात शेपट्यांच्या उंदराची कथा गुजराती घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात आहेत. उंदराची कथा मराठी बालवाड्यांतही ओळखीची आहे.

दुसरा फरक साधनांचा आहे. दिवास्वप्नात माँटेसोरींची ठोकळे, दंडगोल, खरखरीत अक्षरे ही साधने जवळपास दिसत नाहीत. वर्गात जे आहे ते म्हणजे गोष्टी, गाणी, मैदान, थोडी पुस्तके आणि बोलणारा शिक्षक. एक कारण मुलांचे वय हे आहे, कारण चौथीतील मुले बालमंदिराच्या मुलांपेक्षा बरीच मोठी असतात. दुसरे कारण खर्चाचे असावे. आयात केलेल्या साधनांवाचून जी पद्धत उभी राहू शकत नाही, ती गावोगावच्या शाळांत जाऊ शकली नसती. स्वतः माँटेसोरी १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतात आल्या. त्याच्या काही महिने आधी, जून महिन्यात, गिजुभाईंचे मुंबईत निधन झाले होते.

महाराष्ट्राशी संबंध

या पुस्तकामागील कामाचा महाराष्ट्राशी संबंध मुख्यतः ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) यांच्यामुळे आहे. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य असताना त्यांचे लक्ष भावनगरच्या प्रयोगाकडे गेले आणि ते पद सोडून १९२३ मध्ये त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामात व ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकात दोघांचाही वाटा होता. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या, ‘शिक्षणपत्रिके’ची मराठी आवृत्ती त्यांनी चालवली आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केले.

दिवास्वप्नाने विचारलेला प्रश्न, साध्या शाळेत हे चालेल का, हा ताराबाईंनी आणखी पुढे नेला. ज्या मुलांच्या वाट्याला साधी शाळासुद्धा नाही, त्यांच्याकरिता काय? १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताचा पालघर जिल्हा) बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ (१७ मार्च १९१० – २७ सप्टेंबर १९९२) येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना व हा शब्द येथून आला. पुढे १९७५ मध्ये केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर रूढ झाला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत हलले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरू लागली. बिया, खडे, पाने, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू माँटेसोरी साधनांच्या जागी आल्या.

गिजुभाईंच्या पुस्तकातील शिक्षकाच्या हाती निदान हजेरीपटावरची मुले होती. कोसबाडला पहिली अडचण मुले शाळेपर्यंत येण्याचीच होती, कारण घरच्या पोटापाण्यात त्यांच्या श्रमाचा वाटा होता. मुलाच्या आवडीपासून सुरुवात करायची म्हणजे त्याच्या घरच्या दारिद्र्यापासून सुरुवात करणे, असा अर्थ तिथे झाला. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकातून त्यांच्या या कामाची ओळख होते. ते दिवास्वप्नाला जोडून वाचणे उपयुक्त ठरते.

मूल्यमापन

पुस्तकाची लोकप्रियता बव्हंशी त्याच्या भाषेत आहे. शिक्षणशास्त्रीय परिभाषा त्यात जवळपास नाही. शिक्षक दिवसभरात काय झाले ते सांगतो, स्वतःच्या मनातील शंका सांगतो, सहकाऱ्यांचे टोमणे सांगतो. अध्यापनावरील पुस्तके बहुधा काय करावे हे सांगतात. हे पुस्तक करताना काय घडते हे सांगते, आणि या कारणाने कार्यरत शिक्षकांना ते जवळचे वाटते.

या संदर्भात जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ (१९८१) या पुस्तकाशी त्याची तुलना केली जाते. मराठी वाचकांत तेही पुस्तक लोकप्रिय आहे. दोहोंत मूल केंद्रस्थानी आहे, पण दृष्टिकोन वेगळे आहेत. ‘तोत्तोचान’मधील शाळा एका विद्यार्थिनीच्या आठवणींतून दिसते. ती शाळा, सोसाकु कोबायाशी यांची तोमोए गाकुएन, खरी होती, खाजगी होती आणि लहान होती. दिवास्वप्न शिक्षकाच्या बाजूने सांगितलेले, काल्पनिक आणि सार्वजनिक शाळेत घडणारे आहे. त्यामुळे ‘तोत्तोचान’ वाचून वाचकाला त्या शाळेत जावेसे वाटते, तर दिवास्वप्न वाचून शिक्षकाला आपल्या उद्याच्या तासाचा विचार पडतो.

पुस्तकावर गंभीर आक्षेपही घेता येतात. पहिला व उघड आक्षेप असा की हा प्रयोग लेखकाने रचलेला आहे. यश मिळते ते लेखकाने द्यायचे ठरवले म्हणून. खऱ्या प्रयोगात वर्षअखेरीस काही मुले मागेही राहिली असती, आणि त्यांच्याविषयी पुस्तकात फारसे काही नाही. लेखकाने स्वप्न हा शब्द शीर्षकातच घातला असला, तरी त्यामुळे या आक्षेपाचे निरसन होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. निवेदक हा इतर शिक्षकांसारखा नाही. तो प्रयोग करण्यासाठी म्हणून शाळेत आला आहे, त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रत्यक्ष संरक्षण आहे आणि वर्ष संपल्यावर तो जाऊ शकतो. सहकारी शिक्षकांची तक्रार हीच आहे. त्यांचा पगार तोकडा आहे, पोटाची चिंता त्यांच्या मागे आहे आणि चूक झाल्यास त्यांना कोणी पाठीशी घालणार नाही. पुस्तक या शिक्षकांना काही वेळा रूढीग्रस्त म्हणून रंगवते, पण त्यांचे म्हणणे दाबून टाकत नाही. शिक्षकाला मुलांशी मोकळेपणाने वागायचे असेल तर त्याला स्वतःला काही मोकळीक असावी लागते, हा मुद्दा त्यांच्या तोंडूनच सर्वांत ठळकपणे येतो. अधिकाऱ्याने परवानगी दिली नसती तर पुस्तकाला दुसरे पानच नसते.

तिसरी मर्यादा परीक्षेसंबंधी आहे. निवेदक परीक्षेवर टीका करतो, परंतु त्याच्या प्रयोगाचे यश अखेर अधिकाऱ्याच्या पसंतीनेच सिद्ध होते. परीक्षेचे स्वरूप बदलते, परीक्षक तोच राहतो. याकडे तडजोड म्हणून पाहता येते किंवा सार्वजनिक व्यवस्थेत राहून काम करण्याची अटळ किंमत म्हणूनही. गिजुभाईंनी ही किंमत डोळसपणे मान्य केलेली दिसते. पर्यायी शाळा काढणे त्यांना अशक्य नव्हते. ती त्यांनी काढलेलीच होती.

नंतरचा प्रभाव

बालककेंद्री अध्यापन हे आज शासकीय धोरणाच्या भाषेचा भाग झाले आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये मूल स्वतः ज्ञानाची रचना करते हा विचार मध्यवर्ती आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे बालककेंद्री पद्धतीने शिकणे आणि मुलाला भय व चिंता यांपासून मुक्त ठेवणे यांचा उल्लेख आहे. शारीरिक शिक्षेला कलम १७ ने मनाई केली आहे. महाराष्ट्रात ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द विशेषतः सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांच्या कामामुळे आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमामुळे शिक्षकांच्या बोलण्यात आला. वर्गातील फरशीवर रंगवलेले तक्ते, गटाने बसलेली मुले आणि शिक्षकांनी तयार केलेले साहित्य ही त्याची दृश्य खूण ठरली.

या सर्वांचा उगम दिवास्वप्नात आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. धोरणांमागे जाँ पियाजे, लेव्ह वायगॉट्स्की यांच्या सिद्धान्तांचा वाटा मोठा आहे. मात्र धोरण वर्गात उतरवताना येणाऱ्या अडचणी या पुस्तकातील अडचणींशी विलक्षण जुळतात. फरशीवरचे तक्ते तपासणीच्या दिवसासाठी रंगवले गेले, तर ते गिजुभाईंच्या काळातील पाठ केलेल्या संवादांहून वेगळे राहत नाहीत. कृतियुक्त अध्यापनाचे तक्ते, नोंदवह्या व छायाचित्रे भरण्यात शिक्षकाचा दिवस गेला, तर गोष्टीला वेळ उरत नाही. अधिनियमाने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. तथापि दोन शिक्षकी शाळेत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाचे काम या प्रमाणावरून कळत नाही. दिवास्वप्नातील शिक्षकाकडे एकच इयत्ता होती, हे विसरता येत नाही.

भाषांतरे

पुस्तकाचे हिंदी भाषांतर काशिनाथ त्रिवेदी यांनी केले. गिजुभाईंचे बरेच लेखन हिंदीत आणण्याचे काम त्यांच्याकडे जाते आणि हिंदी भाषक राज्यांतील शिक्षकांपर्यंत हे पुस्तक मुख्यतः याच भाषांतरातून पोहोचले. चित्तरंजन पाठक यांचे इंग्रजी भाषांतर नॅशनल बुक ट्रस्टने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. मराठीसह इतर अनेक भारतीय भाषांतही पुस्तक उपलब्ध आहे. मराठी वाचकाला या कथेतील शाळा परकी वाटत नाही. जुन्या मुंबई इलाख्यातील गुजराती व मराठी प्राथमिक शाळा एकाच शिक्षण खात्याच्या परंपरेत वाढल्या होत्या, आणि काठियावाडातील संस्थानी शाळांनीही पुष्कळसे तेच वळण उचलले होते. त्यामुळे मुख्याध्यापकांचा स्वर, अधिकाऱ्याच्या भेटीची धास्ती आणि क्रमिक पुस्तकाचा दरारा यांच्यासाठी भाषांतरकाराला नवे शब्द शोधावे लागत नाहीत.